पंचेचाळीस वॅटमध्ये काय होते? स्पीकर आणि अँप निवडताना

नागपूरच्या मनीषनगरातल्या एका फ्लॅटमधून आलेला प्रश्न थोडक्यात असा. हॉल बारा बाय चौदा फुटांचा, खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, वर स्लॅब. ऐकणं मुख्यतः शास्त्रीय गायन आणि नाट्यगीतं, मग जुनी हिंदी गाणी, आणि मुलाच्या हट्टापायी थोडं रॉक. बजेट सगळं मिळून ८० हजार. एका दुकानात सांगितलं, "टॉवर स्पीकर घ्या, सोबत हा छोटा ३०० वॅटचा क्लास-डी अँप, घर हलते." (टॉवर म्हणजे जमिनीवर उभा राहणारा उंच स्पीकर, क्लास-डी म्हणजे कमी तापणारा, वीज कमी खाणारा अँप्लिफायर.) दुसऱ्या ठिकाणी बुकशेल्फ, म्हणजे स्टँडवर ठेवायच्या छोट्या स्पीकरची, जोडी आणि ४५ वॅटचा इंटिग्रेटेड, म्हणजे सगळं एकाच डब्यात असलेला, अँप ऐकला, तो आवडला. पण पहिल्या दुकानदाराने डोक्यात किडा सोडला, "पंचेचाळीस वॅटमध्ये काय होते भाऊ?" पुढचे प्रश्न: स्पीकर ब्राइट, म्हणजे चुरचुरीत, वाटला तर वॉर्म, म्हणजे मऊ वाजणारा, अँप लावून तो निवतो का? टीव्ही त्याच सेटवर लागेल का? आणि महाल भागात मामांकडे धूळ खात पडलेली जुनी जोडी व अँप वापरता येईल का?

दुसरा पर्याय घ्या. कारणं खाली देतो, कारण नुसत्या निर्णयावर ८० हजार कुणी घालवू नये.

माझं काम अँप दुरुस्तीचं आणि घरोघरी सेट लावून देण्याचं. दुकानात मस्त वाजलेली आणि घरी आल्यावर मान टाकलेली जोडी ही आमच्याकडची नेहमीची तक्रार आहे. त्यात दोषी अँप क्वचितच निघतो. स्पीकर खोलीच्या मानाने मोठा झालेला असतो, नाहीतर तो भिंतीला चिकटवून किंवा टीव्ही युनिटच्या खणात कोंबून ठेवलेला असतो. कागदावरही हेच दिसतं. कुठलाही प्रामाणिक अँप २० हर्ट्झपासून २० किलोहर्ट्झपर्यंत अर्ध्या डेसिबलच्या आत सरळ जातो (हर्ट्झ म्हणजे सुराची उंची, डेसिबल म्हणजे आवाजाची पातळी). चांगला म्हणवणारा स्पीकर मात्र तीन डेसिबल इकडेतिकडे छापूनच देतो, आणि खोलीत शिरला की खालच्या सुरांत दहा-दहा डेसिबलचे चढउतार सहज होतात. म्हणजे जिथे फरक मोठा आहे तिथे आधी डोकं आणि पैसा लावायचा. स्पीकर खोलीकडे बघून निवडा. अँप त्यानंतर, आणि तोही कानाने कमी, आकडेमोडीने जास्त.

आता तुमची खोली. चौदा फूट लांबीच्या खोलीत साधारण ४० हर्ट्झला आवाज घुमतो, बारा फुटाला ४७ च्या आसपास, आणि दहा फुटांची उंची धरली तर ५६ ला. या ठिकाणी खोली स्वतःच वाद्य होते. टॉवर स्पीकर जिथे आपली ताकद दाखवतो तो हाच पट्टा. बेस गिटारची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झला वाजते, म्हणजे तुमच्या मुलाच्या रॉकमध्ये नेमका तोच सूर बाकीच्यांना गिळून टाकेल. दुकानातल्या मोठ्या, सोफ्या-पडद्यांनी भरलेल्या डेमो रूममध्ये हे कळत नाही.

तुमच्या मुख्य ऐकण्याला इतक्या खालच्या सुरांची गरज तरी किती? पुरुष गायकाचा षड्ज काळी एक, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी, धरला तर तो १३९ हर्ट्झला येतो. तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९ हर्ट्झला. गायिका काळी चार-पाचमध्ये गात असेल तर तिचा षड्ज २०० च्या वरच. सव्वापाच-साडेसहा इंची वूफरचा (खालचे सूर वाजवणारा मोठा कोन) बरा बुकशेल्फ खोलीच्या मदतीने ५५-६० हर्ट्झपर्यंत आरामात उतरतो. म्हणजे ख्याल, ठुमरी, नाट्यगीत, तबला-पेटी हे सगळं त्याच्या हद्दीत आलं. पखवाजाचा धुमा थोडा कमी भासेल, एवढंच. टॉवरसाठी जे जास्त पैसे जातात ते या खोलीत बरेचसे घुमण्यावरच खर्च होणार.

यापेक्षा मोठा फरक जागेने पडतो, आणि त्याला पैसे लागत नाहीत. स्पीकरचा खालचा आवाज मागेही जातो, मागच्या भिंतीवर आपटून परत येतो आणि एका ठराविक सुराला मूळ आवाजाशी उलटा पडून त्याला खातो. वूफर भिंतीपासून दोन फुटांवर असेल तर हा खड्डा १४० हर्ट्झच्या आसपास पडतो. म्हणजे काळी एकच्या गायकाचा षड्जच दबतो! एक फूट अंतर ठेवलं तर खड्डा २८० कडे सरकतो, चार फूट ठेवलं तर ७० कडे. प्रत्यक्षात बाजूची भिंत आणि जमीन मिळून हे गणित थोडं फिसकटतं, पण दिशा खरी आहे. म्हणून स्पीकर आणल्यावर पहिल्या दिवशी एकच बंदिश लावून ठेवा आणि स्पीकर चार-चार इंच पुढे-मागे सरकवत बसा. जिथे गायक षड्जावर आला तरी आवाज पातळ होत नाही आणि डग्गा फुगत नाही, तिथे जमिनीवर टेप लावा. दोन स्पीकरमधलं अंतर आणि तुमच्या खुर्चीपर्यंतचं अंतर जवळपास सारखं ठेवा, सात ते आठ फूट. खुर्ची मागच्या भिंतीला टेकलेली नको, डोक्याच्या मागे निदान दोन-तीन फूट मोकळे सोडा.

स्टँड विकतचे घेऊ नका. इतवारीत नाहीतर तुमच्या गल्लीतल्या वेल्डिंगवाल्याकडून चौकोनी पाइपचे करून घ्या. उंची अशी की बसल्यावर ट्विटर, म्हणजे वरचे सूर वाजवणारा छोटा भाग, कानाच्या रेषेत यावा, बहुतेकांना २४ ते २६ इंचांचा स्टँड पुरतो. पाइप पोकळ ठेवला तर तो टणटण वाजतो. कन्हान नदीची रेती आणा, चाळून दोन दिवस उन्हात कडक वाळवा आणि आत भरा. ओली रेती भरली तर दोन पावसाळ्यांत पाइप आतून गंजतो. स्पीकर आणि स्टँडच्या पाटीमध्ये चार टिचक्या ब्लू-टॅक, म्हणजे चिकट पुटी. झालं.

स्पीकर-स्पीकरमध्ये तुलना कशी करायची? तुमच्या घरात टाइल्स, स्लॅब आणि उघड्या भिंती आहेत, म्हणजे कानावर येणारा बराच आवाज भिंतीवरून उसळून आलेला असणार. म्हणून समोर बसून छान वाजणारा स्पीकर पुरेसा नाही, बाजूलाही तो तसाच वाजला पाहिजे. ध्वनिसंशोधक फ्लॉइड टूल यांनी आधी कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये आणि पुढे हर्मन या ऑडिओ कंपनीत पडद्याआड स्पीकर ठेवून लोकांना ऐकवण्याचे प्रयोग केले. त्यातून हेच निघालं की समोर सपाट आणि बाजूला सुरळीत उतरत जाणारा आवाज देणारे स्पीकर बहुतेकांना आवडतात, ब्रँड दिसत नसला की. दुकानात याची सोपी परीक्षा आहे. एक स्पीकर चालू ठेवा, दुसरा बंद. गायन लावा आणि समोरून हळूहळू बाजूला चालत जा. आवाज थोडा मंद व्हावा, पण गायकाचा गळा बदलू नये. बाजूला गेल्यावर गायक सर्दी झाल्यासारखा वाटला तर ती जोडी तुमच्या हॉलसाठी नाही. केईएफच्या क्यू १५० सारख्या स्पीकरमध्ये ट्विटर वूफरच्या मधोमध बसवलेला असतो, त्यामुळे ते या परीक्षेत सहसा बरे उतरतात. व्हार्फडेल डायमंड १२ मालिकेतली बुकशेल्फही ऐका. कोलकात्याची सोनोडाइन मिळाली तर तीही बघा. आपल्याकडे दुरुस्तीला सुटा भाग मिळण्याचा प्रश्न आला की देशी कंपनीचा उपयोग कळतो.

ऐकायला न्यायची रेकॉर्डिंग तुमची रोजच्या ऐकण्यातली असू द्या, दुकानदाराची डेमो सीडी नको. त्यात काच फुटते, ट्रेन जाते, आणि सगळंच छान वाटतं. एक नुसता तानपुरा. जवारीचा झंकार हा वरच्या सुरांचा गुच्छ असतो. वाईट ट्विटरवर तो पत्र्यासारखा वाजतो, मंद ट्विटरवर तानपुरा गोधडीखाली गेल्यासारखा होतो. एक तबला सोलो. सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये दाखवलं होतं की शाईमुळे तबल्या-मृदंगासारख्या वाद्यांतले वरचे सूर जवळजवळ पूर्णांकी पटीत बसतात, म्हणून ताशासारखा नुसता खडखडाट न होता त्यांना सूर येतो. चांगल्या स्पीकरवर दायाचा (उजव्या तबल्याचा) ‘ना’ हा बोल कुठल्या स्वरात लावलाय ते गुणगुणता येतं. बूम करणाऱ्या स्पीकरवर डग्ग्याच्या मींडेचे सगळे घिस्से एकाच सुरावर येऊन आपटतात. आणि एक पेटीची साथ असलेलं नाट्यगीत, कारण पेटी आणि गळा एकाच पट्ट्यात असतात. दोन्ही वेगवेगळे ऐकू आले पाहिजेत.

आता वॅट. याची आकडेमोड एकदा नीट करू, म्हणजे दुकानदाराचा प्रश्न कायमचा मिटेल.

स्पीकरच्या कागदावर सेन्सिटिव्हिटी असते, समजा ८६ डेसिबल. याचा अर्थ २.८३ व्होल्ट दिले, म्हणजे ८ ओहमवर एक वॅट, तर एक मीटरवर ८६ डेसिबल. तुम्ही तीन मीटरवर बसाल. बंद खोलीत त्यात साधारण सहा-सात डेसिबल घटतात, दोन स्पीकर असल्याने तीन परत मिळतात. म्हणजे दोन्हींना एकेक वॅट दिला की खुर्चीवर ८२ च्या आसपास. फ्लॅटमध्ये आनंदाने ऐकण्याची सरासरी पातळी ७४-७५ असते, त्याला वॅटचा पाचवा हिस्सासुद्धा पुरतो. होय, पाव वॅटपेक्षा कमी. पण संगीतात सरासरीपेक्षा वीस डेसिबल वर जाणारे क्षण येतात, तबल्याची थाप किंवा तार षड्जाची फेक. वीस डेसिबल म्हणजे शंभरपट ताकद, तर १६ ते २० वॅट. याच्या दुप्पट घेतलं की निवांत. ४५ वॅटमध्ये हे होते, भाऊ. आणि ४५ चे ९० वॅट केले तर फक्त तीन डेसिबल वाढतात. आवाज दुप्पट वाटायला साधारण दहा डेसिबल लागतात, म्हणजे ४५० वॅट.

सेन्सिटिव्हिटी ८२-८३ असलेले स्पीकर घेतले, बीबीसीच्या जुन्या एलएस३/५ए घराण्यातले लहान बंद डबे असतात तसे, तर मात्र वॅट दुप्पट धरा. इम्पिडन्सचं, म्हणजे स्पीकर विजेला जो विरोध करतो त्याचं, छापील ‘८ ओहम’ही बघून घ्या. केईएफ क्यू १५० वर ८ ओहम लिहिलेलं असतं, पण काही ठिकाणी तो ३.७ पर्यंत खाली येतो. अँपच्या कागदावर ४ ओहमचा आकडा दिलेला असेल तर काळजी नाही. डेनॉन पीएमए-६००एनई आणि मरान्ट्झ पीएम६००७ हे दोन्ही ८ ओहमवर ४५ वॅटचे, ४ ओहमवर त्याहून बरेच जास्त देतात. यामाहा ए-एस३०१ साठ वॅटचा आहे. तुमच्या खोलीत तिन्हींपैकी कुठलाही धकेल.

कुणाच्या गणितावर विश्वास नसेल तर स्वतः मोजा. इलेक्ट्रिशियनकडचा साधा मल्टिमीटर पुरतो. कुठल्याही अँपवर तुमचं नेहमीचं गाणं लावा आणि याहून मोठं कधीच ऐकणार नाही इतका आवाज करा. आता नॉबला हात लावायचा नाही. गाणं बंद करून २०० हर्ट्झचा, उणे २० डेसिबल पातळीचा टेस्ट टोन वाजवा, असे टोन फुकट मिळतात. मोबाइलच्या अ‍ॅपमधली आवाज सारखा करणारी सेटिंग आधी बंद करा, नाहीतर आकडा फसवा येतो. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून त्याची टोकं स्पीकरच्या लाल-काळ्या टर्मिनलला लावा. समजा १.२ व्होल्ट आले. टोन वीस डेसिबल खाली, म्हणजे व्होल्ट एक दशांश, म्हणून त्याला दहाने गुणा, १२. वर्ग करा, १४४. आठने भागा, १८. तुम्हाला ८ ओहमवर १८ वॅट लागतात, एवढंच. टोन २०० हर्ट्झचा घ्यायचा कारण स्वस्त मीटर वरच्या फ्रीक्वेन्सीला चुकीचा आकडा दाखवतात.

त्या ३०० वॅटच्या डबीचं काय? तिचा अडॅप्टर उलटा करून वाचा. ३२ व्होल्ट, ५ अँपिअर लिहिलेलं असेल तर एकूण १६० वॅट, तेही दोन्ही चॅनेल मिळून आणि उष्णतेत काहीच वाया गेलं नाही असं धरून. शिवाय ३२ व्होल्टच्या सप्लायवर असा अँप ८ ओहमला कागदावरसुद्धा ६४ वॅटच्या वर जाऊ शकत नाही: ३२ चा वर्ग १०२४, भागिले १६. तीनशे हा आकडा चिपच्या कमाल मर्यादेचा असतो, तोही मोठा सप्लाय, कमी ओहम आणि दहा टक्के विकृती धरून. आमच्या लहानपणी टू-इन-वनवर पीएमपीओ, म्हणजे फुगवलेले वॅट, छापायचे, त्याचाच हा नातू.

क्लास-डी वाईट असतो असं मात्र मी म्हणत नाही. नव्या पिढीतले चांगले क्लास-डी अँप स्वच्छ वाजतात, तापत कमी, वीज कमी खातात. अडचण स्वस्त आणि जुन्या धाटणीच्या बोर्डांची आहे. त्यांच्या आउटपुटला एक फिल्टर असतो आणि फीडबॅक (आउटपुट तपासून चूक दुरुस्त करण्याची सोय) त्याच्या आधीच घेतलेला असतो, त्यामुळे स्पीकरचा इम्पिडन्स बदलला की वरचे सूर कुठे वाढतात, कुठे घटतात. एकाच अँपला कुणी ब्राइट म्हणतो, कुणी मंद, त्याचं हे कारण. फिल्टरनंतर फीडबॅक घेणारा अँप असेल तर ही कटकट राहत नाही. अँपचा कागद बघताना तेवढी एक गोष्ट शोधा.

इथेच वॉर्म अँपचा प्रश्न सुटतो. ब्राइट स्पीकरला वॉर्म अँप म्हणजे आंबट झालेल्या वरणात साखर घालत बसणं. नीट बांधलेले ट्रान्झिस्टर अँप त्यांच्या मर्यादेत वाजत असताना एकमेकांपासून ओळखणं फार कठीण असतं. खरा फरक ऐकू येतो तो व्हॉल्व्ह, म्हणजे जुन्या पद्धतीच्या नळ्यांच्या, अँपचा, कारण त्याचा आउटपुट इम्पिडन्स ओहम-दोन ओहम असतो आणि तो स्पीकरच्या इम्पिडन्सच्या चढउतारांचा ठसा आवाजावर उमटवतो. कुणाला तो ठसा आवडतो, आवडू द्या. पण एका स्पीकरवर गोड वाटलेला व्हॉल्व्ह अँप दुसऱ्यावर गोड लागेलच असं नाही. ३०० बी नळीचा एकेरी अँप आठेक वॅटचा, त्याला ९५ डेसिबलच्या पुढचा स्पीकर लागतो. आणि मे महिन्यात नागपुरात तो हॉलमध्ये पेटवायचा म्हणजे हौसेलाही सीमा असते.

तुमचा स्पीकर ब्राइट वाटला त्याला नव्वद टक्के कारण त्या दुकानाची नाहीतर तुमच्या हॉलची उघडी फरशी. स्पीकर आणि खुर्चीच्या मधे जाड सतरंजीवर गालिचा टाका. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर जिथे आवाज पहिल्यांदा आपटतो तिथे पुस्तकांचं कपाट किंवा जाड पडदा. जागा शोधायला भिंतीला आरसा धरून कुणाला तरी सरकवायला सांगा. खुर्चीवरून आरशात स्पीकर दिसला की तीच जागा. एवढं करूनही चुरचुर राहिली तर ट्रेबलचा नॉब दोन घर खाली घ्या. टोन कंट्रोलला हात लावणं म्हणजे पाप, असं कुणीतरी लोकांच्या डोक्यात भरवून दिलंय. रात्री दहानंतर शेजाऱ्यांसाठी आवाज कमी केला की बेस गायब होतो. आपल्या कानाची ती रीत फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच मोजून ठेवली आहे. यामाहाच्या ए-एस३०१ वर यासाठी फिरवता येणारा लाउडनेस नॉब आहे. हलक्या आवाजात ऐकणाऱ्यासाठी तो कितीतरी महागड्या केबलींपेक्षा कामाचा.

केबलीचं नाव निघालंच आहे तर: घराच्या वायरिंगला वापरतात ती अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर घ्या. पाच मीटर लांबीला जाऊन-येऊन तिचा रोध ओहमच्या तेराव्या हिश्शाइतका होतो. ८ ओहमच्या स्पीकरला तो जाणवत नाही. पुढे बोलण्यासारखं काही नाही.

तरीही दोन अँप शेजारी ठेवून ऐकायचेच असतील तर आवाज आधी सारखा करा. एक अँप नुसता डेसिबलभर मोठा असला तरी कान त्याला ‘जास्त खुला’, ‘जास्त जिवंत’ म्हणतात, मोठा म्हणत नाहीत. दुकानात विकायचा अँप किंचित मोठा ठेवण्याची युक्ती जुनी आहे. तोच २०० हर्ट्झचा टोन लावून दोन्ही अँपना स्पीकरच्या टर्मिनलवर २.०० व्होल्टवर आणा, ०.०२ चा फरक राहिला तर तो ०.१ डेसिबलही नाही. टोन आणि बॅलन्सचे सगळे नॉब मधे. मग दुसऱ्या कुणाला तरी न सांगता बदलायला सांगा आणि तुम्ही चिठ्ठीवर लिहीत जा. मी हे ज्यांच्या घरी करून दाखवलंय, त्यांनी वाचलेला पैसा बहुतेक स्पीकरवर लावला. स्पीकरांची तुलना करताना व्होल्ट सारखे करून चालत नाही, कारण सेन्सिटिव्हिटी वेगळी असते. तिथे पिंक नॉइज (सगळे सूर मिसळलेला खळखळाट) लावून खुर्चीवर मोबाइलच्या साउंड मीटरने आवाज सारखा करा. मोबाइलचा आकडा खरा नसला तरी तुलनेला चालतो.

आपल्या गावाच्या हवेचं थोडं वेगळं बोलायला हवं, कारण मुंबई-पुण्याचे सल्ले इथे अर्धेच लागू पडतात. पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा वरच्या मजल्यावरचा हॉल दुपारी चाळिशीत असतो, आणि टीव्ही युनिटच्या बंद खणातला अँप त्याहून दहा-पंधरा अंशांनी वर. अँपमधल्या फिल्टर कपॅसिटरचं आयुष्य दर दहा अंशांमागे साधारण निम्मं होतं. माझ्या टेबलावर उन्हाळ्यानंतर येणाऱ्या अँपमध्ये फुगलेले कपॅसिटर हा नेहमीचा प्रकार असतो, आणि ते बहुतेक खणात कोंडलेले असतात. वर निदान सहा इंच मोकळी जागा ठेवा, वर सेट-टॉप बॉक्स ठेवू नका, क्रोशाचा रुमाल तर नाहीच. क्लास-डी अँपची बाजू इथे खरंच वरचढ आहे, हे मान्य.

दुसरा शत्रू कूलर. त्याच्या घरघरीत तानपुऱ्याची आस पार बुडते, म्हणून एप्रिल-मेमध्ये दुपारी स्पीकर ऐकून निर्णय घेऊ नका, पहाटे ऐका. कूलरचा झोत स्पीकरवर येऊ देऊ नका. दमट हवा कागदी कोन आणि टर्मिनल दोन्हींना वाईट, आणि बोअरच्या पाण्याची पांढरी पूड सगळीकडे बसते. कूलरचा पंप चालू-बंद होताना स्पीकरमध्ये टिक् आवाज येत असेल तर अँपला वेगळ्या सर्किटवरचा सॉकेट द्या. सतत हम्म येत असेल तर आधी टीव्हीची केबल काढून बघा. केबलवाल्याच्या तारेतून येणारा अर्थिंगचा घोळ हे कारण फार वेळा निघतं. जुन्या घरांत अर्थिंगच नसतं, ते इलेक्ट्रिशियनकडून आधी करून घ्या. आणि जपान-अमेरिकेतून कुणी आणून दिलेला स्वस्त अँप घेण्याआधी मागची पट्टी वाचा: १०० किंवा १२० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आपल्या २३० वर लावला की धूरच.

टीव्ही लागेल. डेनॉन, मरान्ट्झ, यामाहा या तिन्हींत ऑप्टिकल इनपुट आहे. टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल ऑडिओ पीसीएमवर (साध्या डिजिटल आवाजावर) ठेवा, नाहीतर डॉल्बीचा सिग्नल आला की अँप मुका बसतो आणि लोक तो माझ्याकडे उचलून आणतात.

पैशाची विभागणी माझ्या मते अशी: ४५ ते ५० हजार स्पीकरला, २० ते २५ अँपला, बाकी स्टँड, वायर, गालिचा. सोर्सला मोबाइल किंवा जुना लॅपटॉप चालेल, सुरुवातीला वेगळा डीएसी (डिजिटल आवाज अँपजोगा करणारा डबा) घेऊ नका. स्पीकर घेताना घरी दोन दिवस ऐकून परत करण्याची सोय आहे का ते लिहून घ्या. नागपुरात दुकानं मोजकी असल्याने हे मागायला लोक संकोचतात, पण गिऱ्हाईक पक्कं दिसलं तर बरेच जण तयार होतात.

राहिली मामांची जोडी. वूफरच्या कडेची पट्टी आधी बघा. ती फोमची असेल तर हात लावताच भुगा पडेल, कारण फोम दहा-वीस वर्षांत सडतोच, वाजवा किंवा नका वाजवू. नवी पट्टी चिकटवून मिळते आणि काम फार महाग नाही. रबर किंवा कापडाची असेल तर सहसा टिकलेली असते. बोटांनी कोन दोन्ही बाजूंनी सारखा दाबून बघा. आत खरखर लागली तर कॉइल घासतेय. क्रॉसओव्हरमधले (वूफर-ट्विटरला सूर वाटून देणाऱ्या सर्किटमधले) जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलून घ्यायचे. एवढं जमलं तर बेडरूमला उत्तम.

अँप मात्र सरळ प्लगमध्ये घालू नका. वर्षानुवर्षं बंद असलेला अँप आम्ही शंभर वॅटच्या जुन्या, तारेच्या पिवळ्या बल्बच्या सिरीजमध्ये लावून चालू करतो, आणि स्पीकर जोडलेले नसतात. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. तो लख्ख पेटूनच राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे, बंद करा आणि दुरुस्तीला द्या. बल्ब मंदावला तर मल्टिमीटर डीसीवर ठेवून दोन्ही चॅनेलच्या स्पीकर टर्मिनलवर मोजा. पाच-पन्नास मिलिव्होल्ट असतील तर चालेल. व्होल्टमध्ये आकडा आला तर तो अँप चालू दिसत असला तरी वूफरची कॉइल जाळेल, मामा काहीही म्हणोत.